नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर? घाबरू नका, बघायचं ते 'निगेटिव्ह'

लग्न जमवताना हल्ली पत्रिकेसोबत रक्तगटही विचारतात. 'दोघांचा एकच गट, मूल व्यंग निघेल' म्हणून चांगली स्थळं मोडतात. याला काहीच आधार नाही. दोघंही ओ पॉझिटिव्ह किंवा दोघंही बी पॉझिटिव्ह असतील तर बिनधास्त लग्न करा.

लक्ष द्यायचं ते एकाच जोडीकडे: बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह. (उलटं असेल, म्हणजे बायको पॉझिटिव्ह, तर ही काळजी नाही. दोघं निगेटिव्ह असले तर बाळही निगेटिव्हच.) आपल्याकडे शंभरात साधारण पाच जणांचा गट निगेटिव्ह असतो.

अशा जोडप्याचं बाळ वडिलांसारखं पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी तयार करतं. पहिलं मूल बहुतेक वेळा सुखरूप असतं, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पण पुढच्या खेपेला हीच प्रतिपिंडं नाळेतून बाळापर्यंत जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला रक्त कमी पडतं, जन्मल्यावर जोराची कावीळ होते, कधी बाळ पोटातच दगावतं. मग दोष सुनेच्या माथी!

यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. सातव्या महिन्यात, २८ व्या आठवड्याच्या सुमारास एक देतात. बाळंतपणानंतर बाळाचा गट तपासून तो पॉझिटिव्ह निघाला, तर ७२ तासांच्या आत दुसरं. तीन दिवस उलटून गेले असतील तरी डॉक्टरांना गाठा, उशिरानेही थोडाफार उपयोग होतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती गर्भ पडल्यावर. दोन-तीन महिन्यांचं पोट गेलं, पिशवी साफ केली, की विषय संपला असं वाटतं. पण तेव्हाही रक्त मिसळू शकतं, त्यामुळे इंजेक्शनचं तेव्हाच विचारा. आधी असं काही झालं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, सासूबाई समोर असल्या तरी. एकदा प्रतिपिंडं तयार झाली की इंजेक्शन काम करत नाही. ती झालीत का, हे कूम्ब्स नावाच्या रक्ततपासणीत कळतं. झाली असतील तर मोठ्या दवाखान्यात बाळावर लक्ष ठेवून उपचार करतात, गरज पडली तर पोटातल्या बाळालाही रक्त देता येतं.

दिवस गेल्याचं कळताच पहिल्याच तपासणीत रक्तगट बघून घ्या. माता-बाल कार्डावर तो लिहिलाय का, हे आशाताईंना आजच विचारा. निगेटिव्ह असेल तर नवऱ्याचाही तपासायला सांगा.