शब्दवेध : वळणे

त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर हल्ली ‘टर्न मारा’च जास्त ऐकू येते आणि ‘वळा’साठी जीव तुटतो. संस्कृत ‘वल्’ हे त्याचे मूळ. गुजरातीत तोच ‘वळवुं’. मराठीने त्याला घरभर फिरवले. आपण लाडू वळतो, गुरे वळतो, मुलांना वळण लावतो, रुसलेल्याचे मन वळवतो. भीतीने बोबडीही वळते. ‘फिरणे’, ‘मुरडणे’ यांना एवढा पसारा पेलत नाही.

त्र्यंबकेश्वरात वळण्याच्या अर्थाचे दुसरे शब्दघराणेही नांदते. गौतम ऋषींनी कुशगवताने गोदावरी अडवली, अशी तिथल्या कुशावर्त कुंडाची आख्यायिका आहे. त्यातला ‘आवर्त’ म्हणजे भोवरा. मूळ ‘वृत्’, लॅटिन ‘वेर्तेरे’चा सगोत्र.

आज गाडी ‘टर्न’ घेते, पण घाटातल्या पाटीवर ‘धोकादायक वळण’च असते आणि बातम्यांत राजकारणालाही ‘नवे वळण’ लागते.