बलोपासना आणि समाजाचे ऋण

महाराष्ट्राच्या इतिहासाचे परिशीलन करू लागले म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने नजरेत भरते. ती ही की, शरीरसंपदा ही आपल्याकडे कोणा एकट्याची खाजगी मिळकत मानली गेली नाही. तालमीत घाम गाळणारा एक, त्याच्या दूधतुपाची तजवीज करणारा दुसरा आणि डाव शिकविणारा वस्ताद तिसरा, अशा अनेकांच्या हातांनी एक मल्ल घडत असे. आपल्या मुलामुलींच्या व्यायामाचा विचार करताना हा इतिहास ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

प्रारंभी हा आधार राजाश्रयाचा होता. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नावारूपास आणली. कुस्तिगिराच्या अंगी चपळाई यावी व त्याची पकड बळकट व्हावी, हा या व्यायामाचा मूळ हेतू होय. पुढे करवीर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी मल्लांना उदार आश्रय दिला. १९१२ साली उभारलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान आजही त्याची साक्ष देत आहे.

काळ पालटला तसा राजाश्रयाच्या जोडीस लोकाश्रय आला. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९२४ साली पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले. तालमीच्या हौद्यातील विद्या शाळकरी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य अशा संस्थांनी केले. अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने तर १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी आपले देशी खेळ परदेशीयांना करून दाखविले. तत्पूर्वी, १९२० साली, सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानचे खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले होते. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतीत एकोणिसावे आले व मल्ल रणधीर शिंदे यांचा चौथा क्रमांक लागला.

परंतु समाजाच्या ऋणाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कै. खाशाबा जाधव यांचे होय. कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल, त्यामुळे कुस्तीचे बाळकडू घरातच मिळाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेले. तोवर मातीत लढलेल्या या तरुणास तेथे गादीवर, परक्या नियमांनुसार लढावे लागले. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

चार वर्षांनी हेलसिंकीस जावयाचे ठरले, तेव्हा प्रश्न उभा राहिला तो द्रव्याचा. खाशाबांनी दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली. गावकऱ्यांनी यथाशक्ति हातभार लावला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या या विद्यार्थ्यासाठी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ च्या त्या ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडविले. शिष्याने गुरूचे ऋण असे फेडले! देशाने मात्र त्यांचे ऋण फेडण्यास विलंब लावला. १९८४ साली त्यांचे अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला तो मृत्यूनंतर अनेक वर्षांनी.

ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळविणारा दुसरा मराठी खेळाडू पाहावयास बहात्तर वर्षे लोटावी लागली. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत त्यांना शिक्षण मिळाले होते. म्हणजे येथेही पदकाच्या पूर्वी कोणाचा तरी आधार होताच.

आता आपल्या सीवूड्सकडे वळू. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व पुढे दारावे, करावे या गावांच्या शिवारात ही वस्ती उभी राहिली. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे नोकरीव्यवसायानिमित्त येथे येऊन स्थिरावली. शेजारच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना त्या संघाची उपकर्णधार होती. तो विजय आपल्या मुलींनी जणू अंगणातच पाहिला. त्यांच्यापैकी एखादीने उद्या मैदानावर जाण्याचा हट्ट धरला, तर आपण तिला काय उत्तर देणार आहोत?

आपल्या संस्थेच्या गुणगौरव समारंभात दहावी-बारावीच्या टक्केवारीनुसार पारितोषिके दिली जातात. हे योग्यच आहे; शिक्षकी पेशात हयात घालविलेल्या प्रस्तुत लेखकास त्याचा आनंदच वाटतो. तथापि पहाटे उठून धावण्याचा सराव करणारा मुलगा अथवा कबड्डीत जिल्ह्याच्या संघात निवडली गेलेली मुलगी यांना त्या व्यासपीठावर स्थान नाही. मुलगा नववीत गेला की त्याचा खेळ बंद करून त्याला शिकवणीस धाडावयाचे, हा तर घरोघरचा परिपाठ होऊन बसला आहे. वाढत्या वयात नियमित व्यायाम घडला नाही, तर पुढे औषधांवर खर्च करावा लागतो, हे सुज्ञांस सांगावयास नको.

म्हणून कार्यकारी मंडळास नम्र सूचना अशी की, विद्यार्थी-साहाय्यनिधीचा काही भाग खेळाडूंसाठी राखून ठेवावा. बूट, प्रवासखर्च, सकस आहार, शिक्षकाची फी या गोष्टी लहान दिसतात, परंतु त्यांच्याच अभावी अनेकांचा खेळ सुटतो. हे साहाय्य विजयापूर्वी द्यावे. विजेत्याच्या गळ्यात हार घालावयास सारा गाव धावतो; घर गहाण टाकणारा खर्डेकर एखादाच असतो. तसेच १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिन महाराष्ट्रात आता राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपणही लहानथोरांचे क्रीडासंमेलन भरवावे आणि शेजारच्या सर्व समाजांच्या मुलांना त्यात अगत्यपूर्वक बोलवावे. बलवान व निर्व्यसनी तरुण पिढी हीच कोणत्याही समाजाची खरी ठेव होय. तिच्या जोपासनेचा भार एकेका कुटुंबावर न टाकता आपण सर्वांनी मिळून उचलावा, एवढीच ज्ञातिबांधवांस प्रार्थना.