प्रेसमड रानात टाकताय? आधी कुजवा, मगच टाका

साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर जो काळपट गाळ उरतो, तो प्रेसमड. काही भागात त्याला मळी म्हणतात. टनभर उसामागे साधारण ३० ते ४० किलो निघतो. यापासून बायोगॅसही बनतो, पण शेतकऱ्याच्या कामाचं आहे ते खत. यात सेंद्रिय कर्ब, स्फुरद, कॅल्शियम असतं.

मात्र ताजा माल कुजताना तापतो, पिकाच्या मुळांना चटका बसतो. म्हणून बांधाला तीन-चार फूट उंच ढीग लावा. शेणकाला आणि कुजवणारं जिवाणू कल्चर मिसळा, ओल टिकवा, आठ-दहा दिवसांनी ढीग पलटी करा. साधारण दोन महिन्यांत खत होतं. वास गेला, ढीग आतून थंड लागला, माल भुसभुशीत झाला की समजायचं तयार. तोवर ट्रॉली रानात रिकामी करू नका.