एडिसनची गळकी बॅटरी आणि फोंडा घाट

दोन-तीन वीकेंड काहीच लिहिलं नाही. कारण नवी गाडी. म्हणजे गाडी घेतली म्हणून फिरत होतो असं नाही, गाडी घेतली म्हणून सर्व्हिस सेंटरला फेऱ्या मारत होतो :-)

तर झालं असं. इलेक्ट्रिक कार घेऊन तीन आठवडे झाले होते. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको. बाबांना आतेकडे जायचं होतं. आते मालवण तालुक्यात, समुद्रापासून जरा आत, कातळावरच्या गावात राहते. बाबांना डायबेटीस आहे, इन्सुलिन आणि जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात, त्यामुळे मी रात्रीच्या बसला नाही म्हटलं आणि नव्या गाडीतून तुम्हाला आरामात नेतो अशी बढाई मारली. जाताना खरंच मस्त गेलो. आतेकडे पोचल्यावर १५ अँपिअरच्या प्लगला चार्जर लावला आणि लाल दिवा. काढला, लावला, लाल दिवा. स्वयंपाकघरातला प्लग, पडवीतला प्लग, सगळीकडे लाल दिवा. आतेने शांतपणे निकाल दिला, "झिला, परत करून टाक ती."

परतीच्या दिवशी कणकवलीला फास्ट चार्जरवर थांबलो. मागे दोन गाड्या उभ्या, बाबांची जेवायची वेळ जवळ येत चाललेली, म्हणून ५२ टक्क्यांवर निघालो. मी इंजिनियर असल्यामुळे अर्थातच आकडेमोड करून निघालो होतो. गाडी आणि आम्ही तिघं मिळून १६०० किलो धरा, घाटाची चढण साधारण ६०० मीटर, म्हणजे नुसतं वर चढायलाच अडीच-पावणेतीन युनिट लागणार. त्यात रस्त्याचा खर्च धरला तरी दाजीपूरला वीस टक्के उरायला हवे होते. फोंडा घाट संपता संपता आकडा २२ होता. म्हटलं, बघा, गणित बरोबर! आणि पुढच्या वळणावर तो ९ झाला. एकदम. मधले आकडे दाखवायची तसदीसुद्धा घेतली नाही.

मोबाईलला रेंज नाही, बाजूला दाट जंगल, मागच्या सीटवर बाबा डोळे मिटून बसलेले. त्या दहा मिनिटांत मला जी भीती वाटली ती कुठल्याही प्रॉडक्शन रिलीजच्या रात्री वाटली नव्हती. शेवटी दाजीपूरला एका हॉटेलवाल्याने प्लग दिला. तोच चार्जर, तीच केबल, आणि हिरवा दिवा! बाबा तिथेच पिठलं-भाकरी जेवले आणि आम्ही चार तास बसून राहिलो. त्या चार तासांत आणि नंतरच्या आठवड्यांत जे काही वाचलं, आठवलं, ते हे.

इलेक्ट्रिक गाडीत नव्या-नव्या तक्रारी निघतात असं आपल्याला वाटतं, कारण गाडी नवी वाटते. पण ही गाडी पेट्रोलच्या गाडीच्याच वयाची आहे. शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांतेने १८५९ साली केली. ताशी १०० किलोमीटरची हद्द ओलांडणारी पहिली मोटार इलेक्ट्रिक होती. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय झेनात्झी नावाच्या बेल्जियन माणसाने पॅरिसजवळ ती चालवली. (जाता जाता: मालवणसमोरच्या सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं होतं असं सांगतात. १६६४ साली बांधायला घेतलेला किल्ला अजून उभा आहे. त्याच शिशाच्या बॅटरीची वॉरंटी मात्र दोन-तीन वर्षांची. असो.)

शिशाच्या बॅटरीचा त्रास म्हणजे वजन, आम्ल आणि अल्पायुष्य. थॉमस एडिसनला वाटलं, हे आपण सोडवू. निकेल आणि लोखंड, मध्ये आम्लाऐवजी अल्कली. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्याने मोठा गाजावाजा केला. हलकी, टिकाऊ, न कुजणारी बॅटरी येतेय, शिशाचे दिवस संपले. १९०३-०४ च्या सुमारास ई टाईपच्या बॅटऱ्या बाजारात आल्या आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांत बसल्या. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. सेलचे डबे गळत होते, आणि काही सेलची क्षमता थोड्याच दिवसांत बरीच खाली येत होती. गळका डबा दिसतो तरी. क्षमता कमी होणारा सेल बाहेरून ठणठणीत दिसतो, टेबलावर बरा वागतो आणि रस्त्यावर दगा देतो. आमच्या धंद्यात ज्याला कधी येणारा, कधी न येणारा बग म्हणतात, तो हा.

आता इथे एडिसनने जे केलं त्याबद्दल मला त्या माणसाविषयी आदर वाटतो (एरवी त्याच्या जाहिरातबाजीबद्दल फारसा नाही). त्याने उत्पादन बंद केलं. विकलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या. आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला, एकदोन महिने नाही, चांगली चार-पाच वर्षं. निकेलच्या बाजूला वीज नीट वाहून नेण्यासाठी आधी ग्रॅफाइट मिसळलेलं होतं, त्याच्या जागी निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे आले. सपाट कप्प्यांऐवजी नळ्या आल्या. डब्यांचे सांधे बदलले. अल्कलीत थोडं लिथियम हायड्रॉक्साइड घातलं की क्षमता वाढते असं दिसलं. म्हणजे लिथियम गाडीच्या बॅटरीत शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेलं होतं, फक्त मसाल्यातल्या चिमूटभर हिंगासारखं! बॅटऱ्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यांवरून खाली टाकून बघितल्या जायच्या, असंही सांगतात. १९०९ च्या सुमारास ए टाईप आला आणि तो खरोखर टिकाऊ निघाला.

पण तोवर उशीर झाला होता. १९०८ ला फोर्डची मॉडेल टी आली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बटण दाबून सुरू होणारा स्टार्टर आला. म्हणजे हँडल मारून हात मोडून घ्यायची गरज संपली, आणि बायकांनाही चालवता येते हा इलेक्ट्रिक गाडीचा मोठा मुद्दा गेला. गंमत म्हणजे त्या स्टार्टरलाही बॅटरीच लागत होती, आणि तीही शिशाचीच. एडिसनची बॅटरी पुढे अनेक वर्षं खाणींत आणि रेल्वेत चालली. गाड्यांमधून मात्र ती गेली, कारण इलेक्ट्रिक गाड्याच गेल्या.

आपल्याकडे यायला वेळ लागला. १९९३ साली लव्हबर्ड नावाची एक छोटी गाडी आली, ती फारशी कुणी बघितलीही नसेल. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशींनी सायकलरिक्षा सुधारता सुधारता इलेक्ट्रिक रिक्षा बनवली, हे फार लोकांना माहीत नसतं. आणि २००१ मध्ये बंगलोरहून चेतन मैनींची रेवा आली. माझ्या पिढीतल्या आयटीवाल्यांनी इलेक्ट्रिक गाडी पहिल्यांदा पाहिली ती हीच. दोन मोठी माणसं, मागे दोन पोरं, सहा व्होल्टच्या आठ शिशाच्या बॅटऱ्या, कागदावर ८० किलोमीटर. एसी लावला की कमी, चढ आला की अजून कमी. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि तीनेक वर्षांनी सगळा संच बदलायचा. लोक तिला हसले. पण रेवात एक गोष्ट होती जिच्यावरून कुणी विनोद केला नाही: गाडीतला संगणक बॅटरीचा हिशेब ठेवायचा आणि मेकॅनिक लॅपटॉप जोडून तो वाचू शकायचा. २००४ पासून ती लंडनमध्ये जी-विझ नावाने विकली गेली. २००९ मध्ये त्यांनी रीव्हाइव्ह जाहीर केलं. चार्ज संपून अडकलात तर कंपनीला कळवा, ते लांबूनच राखीव चार्ज मोकळा करतील. फोंडा घाटात मला याची फार आठवण आली. २०१० मध्ये महिंद्राने कंपनी घेतली, २०१३ मध्ये ई-टू-ओ आली आणि रेवाची गोष्ट संपली.

मग लिथियमचा जमाना. इथे तक्रारींचं स्वरूपच बदललं, कारण आता सॉफ्टवेअर मध्ये आलं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण शेवरले बोल्ट. २०२० मध्ये काही गाड्यांना उभ्या-उभ्या आग लागली. कंपनीने गाड्या परत बोलावल्या, आधी चार्ज ९० टक्क्यांवर अडवला, मग २०२१ मध्ये सॉफ्टवेअर घातलं जे बिघडलेला सेल ओळखेल. आणि जुलै २०२१ मध्ये सॉफ्टवेअर घातलेल्या गाडीलाच आग लागली! शेवटी कळलं की एलजीच्या काही सेलमध्ये दोन दोष एकाच वेळी होते, अॅनोडची फाटलेली पट्टी आणि दुमडलेला पडदा. एकटा असताना दोघांपैकी कुणी आग लावत नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये तोवर बनलेल्या सगळ्या बोल्ट परत बोलावल्या, आणि एलजीने सुमारे १.९ अब्ज डॉलर भरायचं कबूल केलं. हार्डवेअरचा दोष पॅच मारून झाकायचा मोह आम्हा लोकांना फार होतो, म्हणून हे जरा लांबवलं.

आपल्याकडे रेंजचं प्रकरण कोर्टात गेलं. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली, प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर. दिल्लीतल्या एका ग्राहकाने तक्रार केली की दोनशेसुद्धा मिळत नाहीत. मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने त्या मॉडेलची सबसिडी थांबवली, आणि त्याच महिन्यात हायकोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. खरं तर कुणीच खोटं बोलत नव्हतं. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या चक्रात मोजतात. त्यात वेग ९० च्या वर जात नाही. आणि रोलरवर फोंडा घाट कुठून आणणार?

२०२२ मात्र वाईट गेलं. मार्चमध्ये पुण्यात लोहगावला ओलाची स्कूटर रस्त्याकडेला पेटली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. एप्रिलमध्ये ओलाने १,४४१ आणि ओकिनावाने ३,२१५ स्कूटर परत बोलावल्या. जूनमध्ये वसईत नेक्सॉन ईव्ही जळली. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले आणि १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. गाडी परत बोलावायला सरकार भाग पाडू शकेल अशी तरतूद तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनेच आली होती. त्याआधी जे होतं ते कंपन्यांच्या मर्जीवर.

हे सगळं वाचल्यावर मी तक्रार कशी करायची ते शिकलो. पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला गेलो तेव्हा मी फक्त चिडलो होतो. "गाडी खराब आहे." त्यांनी गाडी धुऊन परत दिली. मग शहाणपण सुचलं आणि दोन्ही तक्रारी वेगळ्या केल्या. माझ्या बॅटरीचं रसायन लिथियम-आयर्न-फॉस्फेट. यात ऐंशी टक्के असो की तीस, व्होल्टेज जवळपास तेच, त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघून गाडीला चार्ज कळत नाही. ती आत-बाहेर गेलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत बसते, आणि अधूनमधून पूर्ण शंभर टक्के चार्ज केलं नाही तर हिशेब घसरतो. म्हणून आधी माझी चूक काढली: तीनदा पूर्ण चार्ज केलं. मग एक स्वस्तातला डोंगल लावून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन-येऊन सेलची व्होल्टेज लिहून काढली. तरी वीसच्या खाली आलं की एक सेल बाकीच्यांच्या आधी मान टाकत होता, प्रत्येक वेळी तोच. तो तक्ता घेऊन गेलो तेव्हा तिथला पोरगा पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसला. सतरा दिवसांनी वॉरंटीत मॉड्यूल बदलून मिळालं. त्याआधी दोनदा "सर, नॉर्मल आहे" ऐकलं होतं, ते सोडून देतो.

आणि लाल दिवा? त्याबद्दल मी सर्व्हिस सेंटरशी तावातावाने भांडलो होतो, चार्जर बदलून मागितला होता. पण पुण्यात हिरवा, दाजीपूरला हिरवा, फक्त आतेकडे लाल. हे मला चार तास दाजीपूरला बसूनही लगेच पटलं नव्हतं, कारण दोष गाडीचा आहे हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. आतेने गावच्या वायरमनला बोलावलं. त्याने फेज आणि अर्थिंगच्या मध्ये शंभरचा बल्ब लावला, बल्ब काजव्याएवढा पेटला. मग आतेने मला फोन लावून फोन त्याच्या हातात दिला. म्हणाला, "गाडीक कायएक झाला नाय. तुमच्या घराक अर्थच नाय!"

अर्थिंगची पट्टी आजोबांच्या काळातली, जांभ्याच्या कोरड्या कातळात पुरलेली. पावसाळ्यात थोडीफार ओल असेल, मे महिन्यात शून्य. पंखा-मिक्सरला कळत नाही, चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि मगच वीज घेतो. म्हणजे त्या घरात तो एकच जण आपलं काम नीट करत होता. आणि इतकी वर्षं फ्रिजला शॉक लागला असता तर आतेचं काय झालं असतं, हा विचार मी फोन ठेवल्यावर केला.

वायरमनने विहिरीजवळ, कपडे धुवायच्या दगडाच्या बाजूला, जिथे कायम ओल असते तिथे नवा खड्डा खणला. कोळसा, मीठ, तांब्याची प्लेट. मातीत पाणी राहायला हवं असं त्याने सांगितल्यापासून आते रोज तुळशीला घातलं की एक तांब्या तिथेही ओतते.