बांद्याचे नवाब : बुंदेलखंडातील पेशव्यांचे मुस्लिम घराणे

झाशीच्या १८५७-५८ च्या इतिहासात राणी लक्ष्मीबाई यांच्यासोबत बांद्याचे नवाब अली बहादूर (दुसरे) यांचे नाव येते. हे घराणे मूळचे पुण्याचे होते. थोरले बाजीराव पेशवे व मस्तानी यांचा तो वंश होय.

महंमद खान बंगशाविरुद्ध १७२९ मध्ये केलेल्या मदतीबद्दल छत्रसाल महाराजांनी बाजीरावांना आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा दिला. झाशीचा मुलूख त्यातच होता. मस्तानीचा पुत्र समशेर बहादूर यांचा जन्म १७३४ चा. कृष्णराव हे त्यांचे दुसरे नाव सांगितले जाते. मात्र पुण्याच्या ब्रह्मवृंदाने त्यांना ब्राह्मण म्हणून स्वीकारले नाही आणि ते मुस्लिम म्हणून वाढले. पेशव्यांनी त्यांना बुंदेलखंडात जहागीर दिली. पानिपतच्या रणांगणावर १७६१ मध्ये ते जखमी झाले व भरतपूरच्या आश्रयाला असताना मरण पावले. जातीच्या पंगतीत जागा नसलेला हा पुत्र पेशव्यांच्या लष्करात मात्र भावांच्या बरोबरीने लढला.

त्यांचे पुत्र अली बहादूर (पहिले) यांना नाना फडणवीसांनी महादजी शिंद्यांच्या मदतीसाठी उत्तरेत पाठविले. तेथे महादजींच्या रोषाला पात्र ठरलेल्या हिंमत बहादूर गोसाव्याला त्यांनी आश्रय दिल्यामुळे दोघांत वितुष्ट आले. पुढे याच गोसाव्याच्या साहाय्याने त्यांनी बुंदेलखंडाचा मोठा भाग जिंकला. कालिंजरच्या वेढ्यात असताना १८०२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. वसईच्या तहाच्या पुरवणी करारानुसार दुसऱ्या बाजीरावांनी १८०३ मध्ये बुंदेलखंडातील मुलूख कंपनीला तोडून दिला. हिंमत बहादूरही इंग्रजांना मिळाला. अली बहादूर यांचे पुत्र समशेर बहादूर (दुसरे) यांनी प्रतिकार केला, परंतु १८०४ मध्ये त्यांना वार्षिक चार लाख रुपयांच्या तनख्यावर समाधान मानावे लागले. बंगालमधील ढाक्याच्या नवाब घराण्याने कंपनीच्या राजवटीत जमीनदाऱ्या विकत घेऊन आपले बळ वाढविले आणि १८५७ मध्ये इंग्रजांची बाजू घेतली. बांद्याकडे नवाबी उरली, राज्य उरले नाही.

जून १८५७ मध्ये बांद्यात उठाव झाला. प्रारंभी नवाबांनी इंग्रज कुटुंबांना आश्रय दिला होता. नंतर कारभार त्यांच्या हाती आला. राणीने नवाबांना राखी पाठविल्याची कथा आजही या भागात सांगतात. ती लोककथा म्हणूनच घ्यावी. एप्रिल १८५८ च्या आरंभी झाशी पडली, तेव्हा जनरल व्हिटलॉकची फौज बांद्यावर चालून येत होती. १९ एप्रिल रोजी नवाबांचा पराभव झाला व ते काल्पीकडे वळले.

काल्पीत राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे, नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब आणि नवाब एकत्र आले. पेशवेपदावर हक्क सांगणारे नानासाहेब दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र होते. नवाब अली बहादूर मात्र थोरल्या बाजीरावांचे रक्ताचे खापरपणतू होते. झेंडा दत्तक शाखेचा होता आणि नवाबांनी त्याखाली लढणे मान्य केले.

मे महिन्यात काल्पीही पडली. नवाब या मंडळींसह ग्वाल्हेरला गेले. तेथे जूनमध्ये राणीला वीरमरण आले. व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्यानंतर नोव्हेंबर १८५८ मध्ये नवाबांनी शरणागती पत्करली. त्यांना इंदूरला ठेवून वार्षिक ३६ हजार रुपये तनखा देण्यात आला. १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले. बांदा आणि शेजारच्या किरवी येथे मिळालेल्या लुटीच्या वाटणीवरून इंग्रज फौजांमध्ये जो वाद झाला, तो लंडनच्या न्यायालयात १८६६ पर्यंत चालला होता. किरवीची संपत्ती अमृतराव पेशव्यांच्या वंशजांची होती.