दोन दिवसांचें छप्पर

शामियाना म्हटला कीं महाराष्ट्राला प्रतापगडाच्या पायथ्याचा १६५९ सालचा शामियाना आठवतो. तो एका भेटीपुरताच उभारलेला होता. पण त्या भेटीनें एका राज्याचें भवितव्य ठरलें. थोड्या काळापुरतें उभें राहिलेलें छप्परही कधीं कधीं मोठ्या घडामोडींचें साक्षी होतें. आज रायगड जिल्ह्यांत मोडणाऱ्या कर्जत व खालापूर या घाटाखालच्या तालुक्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हाच अनुभव आला. मात्र तेथें अशीं छप्परें तीन प्रकारचीं होतीं, आणि तिन्हींचें नशीब सारखें नव्हतें.

सर्वांत जुनें छप्पर मांडवाचें. शामियाना हा शब्द मराठीनें फारसीकडून घेतला. मांडव मात्र संस्कृत मंडपाचा वंशज. लग्न ठरलें कीं दारापुढें मुहूर्तमेढ रोवावयाची, तिला आंब्याचे टाळे बांधावयाचे, बांबूंवर डहाळ्या पसरून सावली करावयाची आणि खालची जमीन शेणानें सारवावयाची. या कामाला शेजारपाजार धांवून येई. कार्य उरकलें कीं मांडव उतरे आणि त्याचे बांबू पुन्हां घरच्या कामीं लागत.

दुसरें छप्पर सरकारी तंबूचें. कोरड्या हंगामांत जिल्ह्याचा कलेक्टर गांवोगांव फिरे, आणि त्याची कचेरीही कापडाखालींच भरे. हा मुलूख तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता. १८५० च्या मे महिन्यांत कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम खालापुराजवळील चौक गांवीं पडला होता. समोरच्या डोंगरानें त्यांचें कुतूहल जागें केलें. वन ट्री हिलच्या बाजूच्या घळींतून ते वर चढले आणि रामबागेच्या बाजूनें खालीं उतरले. ‘माथेरानचा शोध’ म्हणतात तो हाच. वस्तुतः धनगर, ठाकूर आणि कातकरी यांना तें रान पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. कारवीच्या कुडाचीं त्यांचीं घरें नकाशावर उमटलीं नाहींत. तंबूंत उतरलेल्या साहेबाची चढण मात्र इतिहासांत नोंदली गेली. मॅलेटनीं पुढें डोंगरावर घर बांधलें, त्यामागून इतरांचे बंगले उठले, आणि १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी वर पोंचली.

तिसरें छप्पर मजुरांच्या झोपडीचें. १८५६ सालीं लोहमार्ग खोपोलीस आला, आणि त्याच वर्षीं बोरघाट चढून जाणाऱ्या मार्गाचें काम सुरू झालें. पंधरा मैलांच्या त्या चढणींत पंचवीस बोगदे खोदावयाचे होते. १८६१ सालीं कामावरील मजुरांची संख्या ४२,००० पर्यंत गेली. एवढा समुदाय डोंगराच्या उतारावर तात्पुरत्या झोपड्यांतून राहात असे. दाटी फार आणि चांगलें पाणी थोडें. त्यामुळें पटकीची सांथ आली कीं शेंकडों माणसें दगावत. रोग साहेबांनाही सोडीत नसे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांची पत्नी अॅलिस हिनें कंत्राट पुढें चालविलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाटाचा मार्ग खुला झाला. काम संपलें, मजूर पांगले आणि झोपड्या पावसांत मोडून गेल्या.

या तीन छप्परांचा हिशेब मांडला तर असें दिसतें : तंबूचा बंगला झाला आणि त्याच्या धन्याचें नांव राहिलें. झोपडीखालीं राहिलेल्यांनीं कोरलेले बोगदे राहिले, पण त्यांचीं नांवें राहिलीं नाहींत. मांडवानें मागें कांहीं ठेवलें नाहीं, तरी तो दर पिढींत नव्यानें उभा राहिला. कारण तो बांधण्याची विद्या एका धन्याची नसून साऱ्या गांवाची होती.

आज याच तालुक्यांतील बागबगीच्यांत शोभेच्या छत्र्या दिसतात, आणि समारंभांसाठीं लोखंडी सांगाड्यांचे मांडव भाड्यानें मिळतात. डहाळ्यांच्या जागीं कापड आलें, शेजाऱ्यांच्या जागीं रोजंदारीचीं माणसें आलीं. समारंभ सुखाचा व्हावा हें योग्यच. पण ज्यांच्या हातांनीं ही सावली उभी राहते, त्यांना रात्रीं कोणतें छप्पर मिळतें, हा बोरघाटानें घालून दिलेला प्रश्न विसरण्याजोगा नाहीं.