वही कुणाच्या हाती?

माझे आजोबा मुंबईत गिरणीच्या रिंग खात्यात होते. युनियनची वर्गणी त्यांनी कधी चुकवली नाही. पावत्यांचा पत्र्याचा डबा मी पाहिला आहे. युनियनच्या कमिटीत कधी बसलात का, असे विचारले की ते हसत. ‘आपण पावतीवाले,’ म्हणत.

त्या हसण्याचा माग काढायचा तर १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापाशी जावे लागते. नोंदणी हवी असलेल्या युनियनच्या नियमांत काय असलेच पाहिजे, हे त्या कायद्याने ठरवले. सभासदांची यादी, निधी कशावर खर्चायचा, हिशेबाची वार्षिक तपासणी, पदाधिकाऱ्यांची नेमणूक आणि त्यांना काढण्याची रीत. यादी व हिशेबाच्या वह्या पाहण्याची सोय साध्या सभासदालाही दिली. निम्मे तरी पदाधिकारी त्या उद्योगात प्रत्यक्ष राबणारे असावेत, असेही म्हटले. वकील-पुढाऱ्यांच्या मुठीतून संघटना सोडवणारी ही तरतूद. पण निम्मे कामगार म्हणजे कोणते कामगार? इथे कायदा गप्प बसला.

मे १९२८ मध्ये, सार्वत्रिक संप चालू असतानाच, मुंबईत गिरणी कामगार युनियन उभी राहिली. अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार, सरचिटणीस डांगे. गिरणीगिरणीतून कमिट्या निघाल्या. वर्गणी गोळा करणे, खात्यातली तक्रार वर नेणे हे काम त्यांचे. कचेरीत बसून अर्ज लिहिणाऱ्या आधीच्या युनियनांपेक्षा ही घडण पुष्कळ पुढची होती, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. वर्षअखेर सभासद अर्ध्या लाखावर गेले.

परंतु कमिटी कामगारांतून निघते, कामगार खात्यात वाटलेले असतात, आणि गिरणीतली खाती जातीने बांधलेली होती. धोट्यातली कांडी संपली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आपल्या ओठांनी तो बाटेल म्हणून जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद. हा नियम मालकांनी लिहिलेला नव्हता, तो शेजारच्या साच्यावरच्या कामगारबंधूने पाळलेला होता! ते खाते खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घाला, असा आग्रह बाबासाहेबांना धरावा लागला. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली. मालकांनी, यात आमचा दोष नाही, म्हणून हात झटकले. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बाबासाहेबांनी सांगितले. त्यावर अनेक कामगार पुढारी चिडले. चिडण्याआधी त्यांनी आपल्या कार्यकारिणीची यादी एकदा वाचायला हरकत नव्हती.

आमच्या प्राध्यापकांच्या संघटनेने मला ‘मागासवर्गीय प्रतिनिधी’ म्हणून कार्यकारिणीत घेतले. पहिल्याच बैठकीत मी हिशेबवही पाहायला मागितली. ‘सर, आमच्यावर विश्वास नाही का?’ एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. वही चौथ्या बैठकीला आली. या खेपेला मी खजिनदारपदाचा अर्ज भरला आहे.